लस हवी, पण कुठली?

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. रात्री नऊ वाजता लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, बाहेर अजून उजेड असतो. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, पासपोर्ट काढून ठेव. जानेवारीत तुला इकडं यायचंय." मला कळायला दोन मिनिटं लागली. ह्यांना आधी कळलं. मग काय, रडणं, हसणं, देवाजवळ साखर ठेवणं, सगळं एकदमच!

माझी लेक केनियात असते. तिकडं किसुमू नावाचं गाव आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर. त्या भागात ऊस पिकतो, साखर कारखाने आहेत, आणि आमचे जावई त्यातल्याच एका कारखान्यात आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची साखरेतली बरीच मुलं अशी आफ्रिकेत जातात. त्यामुळं आमच्याकडं 'मुलगी आफ्रिकेत दिली' म्हटलं तर कुणी भुवया उंचावत नाही. उलट 'कुठल्या कारखान्यात?' असं विचारतात.

पहिलं बाळंतपण आईनंच करायचं, हे आमच्याकडं न बोलता ठरलेलं. लेकीला तिकडंच, नवऱ्याजवळ बाळंत व्हायचं होतं आणि मला ते पटलंही होतं. डिंक, खारीक, आळीव, बाळंतशेपा... मी लगेच यादीला लागले. जावयांनी फोनवर एवढंच सांगितलं, "आई, येण्याआधी यलो फीव्हरची लस घ्यावी लागेल. पुण्यात मिळते. एकच सुई, जन्मभर पुरते."

एकच सुई. त्यात काय एवढं!

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मला ह्रुमॅटॉइड आहे. म्हणजे संधिवात, पण गुडघे झिजून होतो तो म्हातारपणाचा नव्हे. आपल्याच शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटते, तो. २०१२ मध्ये निदान झालं. दर बुधवारी रात्री मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, आणि गेली काही वर्षं रोज टोफासिटिनिब. ही औषधं त्या उलटलेल्या फौजेला आवरतात. त्यांच्यामुळंच मी पोळ्या लाटते, भाजीची पिशवी उचलते. पण फौज आवरली म्हणजे खऱ्या शत्रूशी लढायलाही ती थोडी कमीच पडणार, हे ओघानं आलं. मला ते माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक असतो, तो पुढं कळेलच.

त्याआधी २०२१ चं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडची लस मिळू लागली. हे पहिल्याच आठवड्यात जाऊन टोचून आले. मी गेले नाही. फोनवर एक मेसेज फिरत होता, 'संधिवाताच्या, ल्यूपसच्या पेशंटनी कुठलीही लस घेऊ नये, आजार उसळतो.' एकदा नाही, तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला, म्हणून खरा वाटला. डॉक्टरांना एक फोन करायचा, तोही मी केला नाही. त्याच महिन्याच्या शेवटी मला कोविड झाला. नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. त्या काळात संधिवाताची औषधं बंद ठेवली होती, त्यामुळं फुप्फुसं सुधारली तेव्हा सांधे पेटले. ब्लाउजचा हुक लावता येईना. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे, लहान मूल धरतं तसा.

बरी झाल्यावर डॉक्टर मॅडमकडं गेले. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाल्या, "तुम्हाला लस घेऊ नका असं कुणी सांगितलं? तुम्ही तर आधी घ्यायला हवी होती." औषधांमुळं आमच्यासारख्यांना जंतुसंसर्गाचा त्रास जास्त होतो, म्हणून लस जास्त गरजेची, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं. इतकं पक्कं की त्याच्या पुढचं अर्धं वाक्य मी ऐकलंच नाही.

तर, जुलैत आम्ही पुण्याला गेलो. पिवळ्या तापाची लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवून दिलेली मोजकी केंद्रंच आहेत. तिथं रांगेत जहाजावरची पोरं, आफ्रिकेत निघालेले व्यापारी, एक शिकायला चाललेली मुलगी. मी सगळ्यात मोठी. सिस्टरनं फॉर्म दिला. नाव, वय, कुठं जाणार, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का. आणि मग तो प्रश्न : प्रतिकारशक्ती कमी करणारी कुठली औषधं चालू आहेत का?

माझा पेन थांबला. डोळ्यांपुढं लेक आली. मग वाटलं, मॅडमनीच तर सांगितलंय ना, लस घ्यायची म्हणून! मी 'नाही' लिहिलं. ह्यांनी पाहिलं, बोलले मात्र काहीच नाहीत.

फॉर्म द्यायला हात पुढं केला आणि सिस्टर फॉर्म सोडून माझ्या बोटांकडंच बघायला लागली. माझी उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झालीयेत, ती काही लपत नाहीत.

"मावशी, संधिवात आहे का तुम्हाला?"

"थोडासा."

"गोळ्या काय घेता?"

"आयुर्वेदिक." हेही मी सांगितलं! वयाच्या ५८ व्या वर्षी, शाळेत वही विसरलेल्या मुलीसारखं.

तिनं आवाज खाली आणला. "आठवड्यातनं एकदा घ्यायची पिवळी गोळी असती, ती घेता का?"

मी मान हलवली. तिनं फॉर्म परत माझ्या हातात दिला. "मग आज नाही देता येणार मावशी. ही जिवंत लस आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून या."

परत येताना खंबाटकी घाट उतरेपर्यंत मी तिला मनातल्या मनात बोल लावत होते. रांगेतल्या इतक्या लोकांत माझीच बोटं दिसली हिला! हे शिरवळला चहाला थांबले तेव्हा म्हणाले, "तुझं काही झालं असतं तर पोरीला काय सांगितलं असतं मी?" तेवढंच. मग चहा गार होईपर्यंत कुणी बोललं नाही.

जिवंत लस म्हणजे काय, हे मी पुढच्या आठवड्यात समजून घेतलं. मॅडमनी कागदावर दोन रकाने काढले. एका बाजूला फ्लू, न्यूमोनिया, धनुर्वात-डांग्या खोकला, कावीळ बी, कोविडच्या आपण घेतलेल्या लशी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस. यांच्यात जिवंत जंतू नसतो. मेलेला असतो, नाहीतर त्याचा नुसता एखादा तुकडा किंवा खूण असते. त्यानं तो आजार होऊच शकत नाही. फार तर आमच्या औषधांमुळं लशीचा जोर थोडा कमी पडतो. दुसऱ्या बाजूला गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडातून देतात ते पोलिओचे थेंब, नाकात मारायची फ्लूची लस, आणि पिवळा ताप. यांत जंतू जिवंत असतो, पण अशक्त केलेला. निरोगी शरीरात तो थोडा वाढतो, फौज त्याला पकडते, ओळख पटते, काम झालं. फौजच बांधून ठेवलेली असेल तर तो किती वाढेल याची खात्री कोण देणार?

पिवळ्या तापाची लस तशी जुनी आणि नामांकित. १९३० च्या दशकात तयार झाली, ती करणाऱ्या मॅक्स थेलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं. कोट्यवधी लोकांनी घेतलीय. पण फार क्वचित, लशीतला विषाणूच यकृत, मूत्रपिंडापर्यंत पसरतो आणि माणूस दगावू शकतो. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत हा धोका वाढतो. म्हणजे आमच्या ६३ वर्षांच्या विहीणबाईंना पाठवावं, हा माझा दुसरा बेतही तिथंच बारगळला.

मी विचारलं, "औषधं बंद करून घेतली तर?"

"बंद करायची तर महिनाभर आधी आणि लशीनंतर आणखी महिनाभर, असं धरून चला. दोन महिने. एकवीस साली औषध थांबलं तेव्हा काय झालं होतं, आठवतंय ना? तशा हातांनी बाळ उचलणार आहात?"

यावर काय बोलणार?

"आणि लस न घेता तशीच गेले तर?" मी चिवट आहे.

नुसतं नैरोबी शहर असतं तर तापाचा धोका कमी म्हणता आला असता, पण किसुमूकडच्या भागात जाणाऱ्यांना ही लस घ्यायलाच सांगतात. शिवाय परत येताना आपल्या विमानतळावर प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हा नियम मला उगाच कडक वाटायचा. पण आपल्याकडं पिवळा ताप नाही आणि तो पसरवणारा डास मात्र घरोघरी आहे, तोच आपला डेंग्यूचा. एक रुग्ण आत आला तर काय होईल, याची भीती असते. लस न घेण्याचं वैद्यकीय कारण लिहून मिळतं, त्या पिवळ्या पुस्तिकेत तशी जागाही असते. मॅडम म्हणाल्या, "मी लिहून देईन. पण माझं पत्र बघून डास चावायचा थांबणार नाही."

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. फॉर्मचंही सांगितलं, लपवलं नाही. ती आधी रडली नाही, चिडली. "आई, तू खोटं लिहिलंस? माझ्यासाठी? आणि काही झालं असतं तर मी आयुष्यभर तेच घेऊन बसले असते ना!" मग रडली. चार दिवस आमच्यात धड बोलणं नव्हतं. पाचव्या दिवशी जावयांचा फोन आला, "आई, हिलाच पाठवतो नोव्हेंबरमध्ये." तिनं दोन वर्षांपूर्वी, लग्नानंतर तिकडं जाताना लस घेतलेली होती. २०१६ पासून ते प्रमाणपत्र जन्मभर चालतं, त्यामुळं तिच्या येण्यात अडचण नव्हती. अडचण एकच होती, तिला नवऱ्यापासून लांब बाळंत व्हायचं नव्हतं. ती तिनं गिळली. मी तिला 'माहेरपणाची मजा' वगैरे सांगून समजावायचा प्रयत्न केला नाही. मजा नव्हतीच ती.

मग मात्र मी कामाला लागले. या वेळी दोन्ही रकाने घेऊन.

मॅडमच्या दवाखान्यात बाहेर बसलं की निम्मं वैद्यकशास्त्र तिथंच कळतं. एका ताईंना सहा महिन्यांनी सलाइनमधून रिटुक्सिमॅब देतात. त्यांना फ्लूची लस वेळेवर, पण बाकीच्या लशी पुढचं सलाइन जवळ आल्यावर, आणि लस टोचल्यावर किमान दोन आठवडे थांबून मग सलाइन, असं गणित सांगितलेलं. कारण त्या औषधानंतर काही महिने शरीर लशीला दादच देत नाही. एका ल्यूपसवाल्या कॉलेजच्या मुलीची आई विचारत होती, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस चालेल का? चालते, उलट अशा मुलींना आवर्जून द्यावी, पण तीन डोस. म्हणजे आजार तोच असला तरी प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. शेजारणीचं बघून आपण घ्यायचं नाही आणि टाळायचंही नाही.

माझी पहिली सुई फ्लूची. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं काय घबराट उडवली होती, ते मी विसरलेले नाही. मॅडम म्हणाल्या, लस घेतल्यावर दोन बुधवार मेथोट्रेक्सेट घेऊ नका, लस जास्त चांगली लागू पडते. हे मुळात कोरियात तपासलं गेलं. पुढं कोविशील्डच्या वेळी आपल्याकडं कोचीतल्या डॉक्टरांनीही तसाच अभ्यास केला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी थांबवलेल्यांत अँटिबॉडी जास्त तयार झाल्या, पण सांधे उसळलेल्यांची संख्याही जास्त निघाली. म्हणून ज्यांचा आजार आटोक्यात आहे त्यांनीच, आणि डॉक्टरांना विचारूनच. माझा होता. तरी दुसऱ्या बुधवारनंतर मनगट कुरकुरायला लागलंच. तिसऱ्या बुधवारी गोळ्या घेतल्या आणि हळूहळू निवळलं. बाकीच्या निर्जीव लशींना गोळ्या थांबवायची गरज नाही, हे ऐकून हायसं वाटलं.

मग न्यूमोनियाची. मग डांग्या खोकल्याची, ती खास बाळासाठी. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो म्हणे. म्हणून मी घेतली, ह्यांनाही घ्यायला लावली. लेकीलाही इथं आल्यावर तिच्या बाईंनी सातव्या-आठव्या महिन्यात द्यायची ती दिली.

आणि नागिणीची. टोफासिटिनिबनं नागीण व्हायची शक्यता वाढते, हे मॅडम आधीपासून सांगत होत्या. आमच्या गल्लीत एका काकूंना झाली होती. कमरेवर अर्धा पट्टा उठला, तर सगळ्यांचं लक्ष तोंड आणि शेपूट जुळतंय का इकडंच! जुळलं की माणूस जातो, असं आमच्याकडं म्हणतात. तसं काही नसतं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत झोपलेला असतो, तो जागा होतो इतकंच. पण फोड सुकल्यावरही काकूंची आग आग वर्षभर राहिली, ते मी पाहिलंय. पूर्वी या आजारावर जिवंत लस होती. २०२३ पासून आपल्याकडं मिळते ती नवी लस जिवंत नाही, म्हणून आम्हाला चालते. दोन डोस. एका डोसचे दहा हजारांच्या आसपास! भिशी लागली होती, तिच्यातून दिले. पैठणीसाठी ठेवलेले होते ते. दोन्ही डोसांना दंड ठणकला, एक रात्र ताप आला, सकाळी उतरला.

नोव्हेंबरमध्ये लेक आली. मुंबईच्या विमानतळावर तिनं पिवळं पुस्तक दाखवलं, शिक्का बघितला, सोडलं. बाहेर आल्यावर तिनं आधी माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, सिस्टरनं पाहिले होते तसेच. म्हणाली, "बरे आहेत."

जानेवारीत नात झाली. जावयांनी तिला पहिल्यांदा फोनवर पाहिलं आणि कडेवर घेतलं ते बाराव्या दिवशी, बारशाला. ते बारा दिवस काही परत मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. बारशानंतर हे कामासाठी पुण्याला गेले, तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन त्या केंद्रावर जाऊन आले. सिस्टरला मी आठवत नव्हते. पेढा मात्र तिनं घेतला.

बाळाच्या लशींची फाईल आली तेव्हा मला नवाच प्रश्न पडला. तिला पोलिओचे थेंब, पुढं दीड महिन्यांनी रोटाव्हायरसचे थेंब. दोन्ही जिवंत! आणि ते बाळाच्या शीतून काही दिवस बाहेर पडतात म्हणे. मी मॅडमना फोन लावला. २०२१ पासून मी विचारायला लाजत नाही. त्या म्हणाल्या, "पोलिओचे थेंब घरात तुमच्यासारखं कुणी असेल तर टाळायचे असतात, बाकी बाळाला सगळं वेळेवर द्या. तुम्ही तिला घ्या, खेळवा, न्हाऊ घाला. फक्त लंगोट शक्यतो दुसऱ्यांना बदलू दे थोडे आठवडे. बदलावा लागलाच तर साबणानं हात स्वच्छ धुवा."

मी फोन ठेवला आणि ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी आपल्या दोन्ही मुलांच्या वेळी लंगोटाला बोट लावलेलं नाही. "लंगोट" शब्द ऐकला की पेपर घेऊन बाहेर जायचे.

"असं काय बघतीयेस?" हे म्हणाले.

पहिल्या दिवशी उलटा बांधला. दुसऱ्या दिवशी सुलटा, पण इतका सैल की नातीनं पाय झाडले आणि तो गळून पडला. आठवडाभरात हात बसला. आता मायलेकी किसुमूला परत गेल्यात. परवा व्हिडिओ कॉलवर जावई बाळाला लंगोट बांधत होते, तर हे इकडून सांगत होते, "तसं नव्हे हो, आधी खालचं टोक वर घ्या."